गाण्याचा सातबारा

मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं, त्या दिवशी लिफ्ट बंद होती. बाबा वर्कशॉपमधून जेवायला घरी येत होते. जिन्यात त्यांना एक उंच, काळीसावळी बाई दिसली. तिचे कुरळे केस डोक्याभोवती गोल फुललेले होते. खांद्यावर कीबोर्डची लांब पेटी होती आणि हातात एक लाकडी वाद्य, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये डमरूसारखं बारीक. बाबांनी मदतीला हात पुढे केला. तिने कीबोर्ड दिला, वाद्य दिलं नाही. बाबा त्या वाद्याकडे बघतच वर चढले आणि दारापाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, धिस स्किन... घोरपड?"

तिला कळेना. तेव्हा बाबांनी हाताची बोटं भिंतीवरून सरपटवत नेली आणि मग दोन्ही हात लांब करून केवढी मोठी ते दाखवलं. ती हसत हसत पायरीवर बसली. ते घोरपडीचंच कातडं होतं.

बाबा मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांच्या लहानपणी घुमट नावाच्या मातीच्या वाद्याला हेच कातडं लावायचे. जेवताना ते आईला म्हणाले, "अगं, बाई कुठली आहे माहीत नाही, पण तिचा ढोल आपल्याकडचा आहे."

आमच्या घरची तिची ओळख अशी झाली. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. मी तेव्हा पाचवीत होते की सहावीत, नक्की आठवत नाही. ती पापुआ न्यू गिनीच्या एका बेटावरची होती. मी शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये ते बेट शोधून आईला दाखवलं. आई म्हणाली, "एवढ्या लांबून माणसं इथे येतात?" त्यावर बाबा म्हणाले, "मग आपण काय चालत आलो?"

तिचा नवरा फिलिपिनो होता, सर्व्हेअर. पूर्वी तो तिच्याच देशात खाणीवर कामाला होता. आता त्याची साईट सोहारच्या बाजूला होती आणि तो शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी यायचा. ती स्वतः एका हॉटेलात फिलिपिनो बँडबरोबर कीबोर्ड वाजवायची. तिथे लोकांना हवी ती गाणी वाजवावी लागत. तिचं खरं काम दिवसा, घरी चालायचं.

एका खोलीत तिने भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या. मध्ये टेबलावर एक छोटा रेकॉर्डर होता, त्यात एकाच कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज भरता येत. तिच्या बेटावरची जुनी गाणी, तिच्या आईकडून आलेली, ती आधी नुसत्या आवाजात गायची. मग तो ढोल. मग कीबोर्ड, अगदी खालच्या पट्टीत, भरतीचं पाणी पायाला हळूच लागावं तसा. सगळ्यात शेवटी बँडमधला एक जण येऊन बास गिटार वाजवून जायचा. गाणं जुनं आहे की नवं, हे मला कधी सांगता आलं नसतं. मला फक्त ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटे. या सगळ्याची मिळून तिला स्वतःची एक कॅसेट काढायची होती.

शाळेची बस सोडली की मी दप्तर टाकून वर जायची. ती मला कीबोर्ड शिकवायची आणि आई तिला घावणे नाहीतर माशाची आमटी पाठवायची. मी तिला आंटी म्हणायची. ती आईला सिस्टर म्हणायची. आईला इंग्रजी बोलायचा संकोच वाटे, त्यामुळे दोघींच्या मध्ये मी. माझं मराठीही काही धड नव्हतं. आंटी लांबलचक काहीतरी बोलायची आणि मी आईला सांगायची, "ती बोलते की छान झालंय." आई म्हणायची, "एवढं सगळं बोलली आणि त्याचं एवढंच मराठी झालं होय?"

तिच्या गाण्यांपैकी एक मला फार आवडायचं. पहाटे होडी किनाऱ्याला लागते आणि तिची वाट बघणारी बाई पाण्यात उतरते, असा त्याचा अर्थ तिने सांगितला होता. बाकीची दोन-तीन गाणी तिने मला सहज शिकवली होती, म्हणून मी हेही मागितलं. तिने कीबोर्डवरून हात काढले.

"हे नाही. हे माझं नाही."

"पण तू तर गातेस."

"मला गायला दिलंय. दुसऱ्याला द्यायला नाही दिलं."

मग तिने समजावून सांगितलं. ते गाणं तिच्या आईच्या कुळाचं होतं. आई गेल्यावर त्याचा हक्क तिच्या मामाकडे आला. ती बेट सोडून निघाली तेव्हा मामाने चार माणसांसमोर तिला ते गायची परवानगी दिली आणि एक अट घातली. गाणं तुझ्याबरोबर जाईल, एकटं जाणार नाही. म्हणजे ती जिथे असेल तिथे तिने गावं, पण तिच्याशिवाय ते गाणं कुठे जाता कामा नये. येत्या सुट्टीत बेटावर जाऊन, रीतसर भेटवस्तू ठेवून, ती मामाकडे हे गाणं कॅसेटवर घेण्याची परवानगी मागणार होती. तोपर्यंत गाद्यांच्या खोलीतसुद्धा तिने ते कधी भरलं नव्हतं. तिच्या कॅसेटमधली ती एकच जागा रिकामी होती.

मी खाली येऊन हे आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. ती हसली. "गाण्याला काय सातबारा असतो? आपल्याकडे जमिनीचासुद्धा नाही."

त्या वर्षी एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला आमचा नेहमीचा कीबोर्डवाला सुट्टीवर गावी गेला. मुलांच्या समूहगीताला वाजवायला कुणी नव्हतं. बाबांनी आंटीला विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. तालमी आमच्याच हॉलमध्ये झाल्या. सोफा बाल्कनीत, मुलं जमिनीवर आणि ती मध्ये. मराठी शब्द एकही कळत नव्हता, पण कोणता मुलगा कुठे घाईत पुढे जातो ते तिला पहिल्या दिवशी कळलं.

कार्यक्रम शुक्रवारी झाला. सोहारपासून बरकापर्यंतची सगळी आपली माणसं आली होती. इंजिनियर होते, ऑफिसातले साहेब होते, बाबांसारखे मेकॅनिकही होते. वंदना झाली, भाषणं झाली, आमचं समूहगीत झालं. मग कुणीतरी म्हणालं, मॅडमने एवढी मदत केली, त्यांचंही एक गाणं होऊ दे. तिने ते होडीचं गाणं गायलं. एका हाताने ढोल, एका हाताने कीबोर्ड. एरवी त्या हॉलमध्ये पोरं सतत पळत असायची, तीही थांबली. गाणं संपल्यावर मागच्या बाजूने एक काका म्हणाले, "अजून एकदा होऊन जाऊ द्या," आणि तिने ते पुन्हा गायलं.

आता बाबांचं सांगायला हवं. दरवर्षी जयंतीचा पूर्ण कार्यक्रम बाबा कॅसेटवर भरायचे. स्पीकरच्या मशीनला ते आपला टेप जोडून ठेवत. मग घरच्या डबल डेकवर त्या कॅसेटच्या प्रती काढून इथे ज्याला हवी त्याला देत आणि कुणी गावी निघालं की त्याच्या सामानात एक घालत. गावाकडे आमच्या वस्तीत ती कॅसेट सगळ्यांना ऐकवली जायची. आपली माणसं मस्कतमध्येही जयंती करतात, हे तिकडे ऐकू जायला हवं, असं बाबांना वाटे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि विचारण्यासारखंही काही आहे असं कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. आंटीने त्या वायरी पाहिल्या होत्या. तिला वाटलं, स्पीकरच्याच असतील. ती अट मी आईला सांगितली होती, बाबांना नाही. आणि खरं सांगायचं तर टेप आणि ती अट या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणीच एकमेकींना जोडल्या नाहीत.

पुढे काही आठवड्यांनी एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिला घेऊन बरकाच्या मासळी बाजारात गेलो. आई सुरमई बघत होती. बाहेर ओळीने पिकअप उभे होते. त्यातल्या एकाच्या उघड्या दारातून ढोल ऐकू आला आणि मग तिचाच आवाज.

गाडीतला ड्रायव्हर आपलाच होता, राजापूरकडचा. त्याने आनंदाने आवाज वाढवला. "मॅडम, तुमचंच. रोज लावतो. गावालापण पाठवलीय."

आंटी त्या गाडीपाशी उभी राहिली. गाणं पूर्ण होईपर्यंत हलली नाही. मग तिने मला विचारलं, "गावाला म्हणजे कुठे?"

येताना गाडीत माशांचा वास येत होता, म्हणून बाबांनी काचा खाली केल्या. घरी पोचल्यावर पार्किंगमध्येच तिने सांगितलं आणि मी जमेल तसं मराठी केलं. गाणं एकटं गेलंय. मामाला सांगावं लागेल. मामा ते परत घेऊ शकतो, आणि घेतलं तर आईचं गाणं तिला पुन्हा गाता येणार नाही, कुठेच. एकटी असतानासुद्धा नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "सगळ्या कॅसेट मी परत आणतो, मॅडम. खलास. एकसुद्धा राहणार नाही."

आणि ते खरंच निघाले. त्याच संध्याकाळी परत बरकाला, पुढच्या सुट्टीत सोहारला. अर्बाबची, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाची, गाडी मागून घेतली होती. लोक चेष्टा करायचे, "काय हो, कॅसेटला पोलीस लागलेत का?" बाबा प्रत्येकाला सगळी गोष्ट सुरुवातीपासून सांगायचे. काहींनी हसत कॅसेट दिली, काहींनी आधी ते गाणं शेवटचं एकदा ऐकून घेतलं. पण ज्या कॅसेट विमानाने गेल्या होत्या, त्यांच्यामागे जाणार कसं? गावाला फोन केला तर चुलतभाऊ म्हणाला, "अरे, ते गाणं आता पोरांना पाठ झालंय."

पाठ झालेलं गाणं परत कसं आणायचं, हे बाबांना सुचेना. ते आणलेल्या कॅसेट पिशवीत घालून वर गेले आणि तिच्या दारात उभे राहिले. तिने पिशवी घेतली नाही. "तुमची चूक नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे गाणं असंच जातं का, हे मी आधी विचारायला हवं होतं."

मामाच्या गावात फोन नव्हता. जवळच्या चर्चमध्ये होता. आधी निरोप धाडला की ठरलेल्या दिवशी तो तिथे यायचा. तिने आमच्या घरून फोन करायचा ठरवला. मला वाटतं, तिला त्या वेळी एकटं राहायचं नव्हतं. ती तिच्या भाषेत बराच वेळ बोलत होती आणि मग त्याहून जास्त वेळ ऐकत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं. बाबा सोफ्याच्या कडेवर. मला पहिल्यांदाच काही भाषांतर करता येत नव्हतं.

फोन ठेवून ती आईकडे वळली. मामाने गाणं परत घेतलं नव्हतं, दिलंही नव्हतं. त्याने एकच विचारलं होतं. त्या लोकांनी गाणं नेलं, मग बदल्यात काय ठेवलं? तिने सांगितलं होतं की त्यांना रीत माहीत नव्हती. त्यावर मामा म्हणाला, रीत माहीत नसेल, पण त्यांच्याकडे स्वतःचं गाणं तर असेल? कुणाच्या तरी आईचं. ते पाठवायला सांग. आल्यावर मी बघेन.

बाबा लगेच म्हणाले, "आहे ना, हिच्याकडे आहेत की. लग्न झालं तेव्हा सकाळी जात्यावर म्हणायची."

आईने फडकं ओट्यावर टाकलं. "काहीतरीच तुमचं. ते काय गाणं आहे? अडाणी बायांचं. हिचं बघा, बाजा आहे, मशीन आहे. आणि मी काय पाठवू, दळण?"

मी हे आंटीला सांगितलं नाही. मला सांगता येईना. पण तिला आवाजावरून कळलं असावं, कारण ती म्हणाली, "सिस्टर, माझं गाणं तारो खणताना म्हणायच्या बाया." मग तिने मला तारो म्हणजे काय ते चित्र काढून दाखवलं. ते आमच्याकडचं अळू होतं. त्याचे कंद.

 तिसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "गावाला फोन लाव. तुझ्या मामाला बोलव."

मामाला आमच्या वस्तीतल्या दुकानातून बोलावून आणावं लागे. तो धावत आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"आईची ती पुस्तकाची ओवी," आई म्हणाली. "मी ती एका बाईला देऊ का? परदेशात जाणार आहे."

"अगो ताई, ओवीला काय विचारायचं? घे नि गा."

"तरी विचारते. तू बोल, दे म्हणून."

मीही रिसीव्हरला कान लावून उभी होते.  मग मामा म्हणाला, "ताई, मला पुरी येत नाही गो ती. एकदा म्हण बघू."

आणि आईने फोनवरच म्हटली. मी ती तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. माझा अभ्यास मोडेल म्हणून असेल किंवा तिला लाज वाटायची म्हणून असेल, पण ती माझ्यासमोर कधी गायली नव्हती.

*माझ्या दारावरनं गेली पुस्तकांची गाडी*
*लेकीला माझ्या गो अक्षराची लागे गोडी*

*जातं गो फिरवता हात माझा दुखंना*
*लेकीची पाटी बघून डोळ्याचं पाणी सुकंना*

ही ओवी माझ्या आजीने आईला शाळेत घातलं तेव्हा रचलेली. आईची शाळा सातवीला सुटली. ओवी राहिली. मामा तिकडून म्हणाला, "दे. माझ्या वतीने पण दे."

रेकॉर्डिंग वरच्या खोलीत ठरलं. पण गाद्यांच्या त्या खोलीत खुर्चीवर बसून आईला गाता येईना. दोन शब्द म्हणायची आणि थांबायची. आंटीने कीबोर्डवर संथ ठेका लावून दिला, तर ती आणखीच अडखळली. "हाताला काही नाही," आई म्हणाली. "हात फिरल्याशिवाय येत नाही गं ती." मग स्वतःच उठली, खाली घरी गेली आणि पोळपाट-लाटणं घेऊन आली. जमिनीवर मांडी घातली, पोळपाट पुढे ठेवला, त्यावर लाटणं उभं धरलं आणि जात्याचा खुंटा फिरवतात तसं ते गोल फिरवायला लागली. लाकडावर लाकूड घासून एक घरघर सुरू झाली. दुसऱ्या फेऱ्याला ओवी आली.

आंटीने कीबोर्डचा ठेका बंद केला. माईक खाली आणून पोळपाटाजवळ धरला. आई गात होती आणि ती डोळे मिटून ऐकत होती. सगळं भरून झाल्यावर तिने त्या घरघरीखाली कीबोर्डचा एकच सूर लावला आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत सोडला नाही. फक्त 'पाटी' या शब्दापाशी तो थोडा वर नेला. शब्द तिला कळत नव्हता. मी तरी तिला सांगितला नव्हता.

आईने ते परत ऐकलं. "लाटण्याचा आवाज येतोय," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "असू दे."

कॅसेट पोस्टाने गेली. उत्तर यायला फार वेळ लागला. मधल्या काळात आंटीने ते गाणं कुठेच गायलं नाही. हॉटेलात लोक मागायचे आणि ती दुसरं वाजवायची. मी वर गेले की त्या खोलीत बाकीची गाणी चालत, आणि ते गाणं नाही हे तिच्या पाठीवरून कळायचं. ती खिडकीकडे तोंड करून वाजवायची. एकदा बाबांनी जिन्यात विचारलं, "मामा?" ती म्हणाली, "इन्शाल्ला." हा शब्द आम्ही सगळेच वापरायचो, पण त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत.

मग एका सकाळी तिचाच फोन आमच्या घरी आला. वरच्या मजल्यावरून खाली, फोन. "सिस्टरला दे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आंटी, तिला इंग्रजी..." "दे."

काय बोलली कोण जाणे. आई नुसतं "येस, येस" म्हणत होती आणि मग खाली बसली.

थोड्या वेळाने आंटी खाली आली तेव्हा मला कळलं, तिच्या मामाने चार माणसं जमवून आईची ओवी ऐकली होती. घरघर कशाची, असं त्याने विचारलं होतं. गाणं पोचलं, असं तो म्हणाला. आता होडीचं गाणं कॅसेटवर भरायला हरकत नव्हती. ते आमच्या गावातल्या पोरांकडे राहिलं तरी चालणार होतं, कारण ते आता नुसतं गेलेलं नव्हतं, दिलेलं होतं. आणि या घरात ते आईला दिलेलं होतं. आईलाच. मला नाही.

मी त्याच दिवशी आईकडे मागितलं. आंटीने आईला ते नीट शिकवायला सुरुवात केली होती. आई भाजी चिरताना त्या परक्या शब्दांची घोकंपट्टी करायची. मला वाटलं ती लगेच देईल. ती म्हणाली, "आधी परीक्षा होऊ दे. गणितात किती पडतात बघू."

"आंटीने मला फुकट शिकवलं होतं."

"ती तिची गाणी. हे माझं."

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आंटीच्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि ते निघून गेले. तिची कॅसेट तोवर झाली होती. आमच्या घरी एक आहे. त्यात ते होडीचं गाणं आहे आणि त्याच्या अगदी सुरुवातीला, ढोलाच्या आधी, पोळपाटावर फिरणाऱ्या लाटण्याचा आवाज आहे. तो तिने आईला विचारून घेतला होता. जाताना तिने ढोल दिला नाही. बाबांना तो फक्त एकदा वाजवू दिला. बाबा आजही त्याबद्दल बोलतात.

आईने मला गाणं दिलं ते मी बारावी पास झाल्यावर, पुण्याला कॉलेजला निघण्याच्या आदल्या दुपारी. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबांना आणि शेजारच्या काकूंना साक्षीला बसवलं होतं. काकूंना काही कळलं नाही, त्यांनी पेढे आणले होते.

हॉस्टेलमध्ये मला पहिले काही महिने फार बोलता येत नसे. माझं मराठी ऐकून मुली हसत, वाईट हेतूने नाही, पण हसत. कपडे वाळत घालताना मी ते गाणं गुणगुणायची. परवा माझी रूममेट म्हणाली, "ए, कुठलं आहे हे? मला शिकव ना." ती भंडाऱ्याकडची आहे, तिच्याही घरातून कॉलेजला आलेली ती पहिली.

मला हो म्हणायचं होतं. पण मी म्हटलं, "आईला विचारावं लागेल."

ती हसली. मग मी खरंच फोनच्या बूथवर निघाले तशी चपला घालून माझ्याबरोबर आली. वादी कबीरला फोन लागला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आईने सगळं ऐकून घेतलं, पोरगी कुठली, काय शिकते, घरी कोण कोण आहे ते विचारलं.

मग म्हणाली, "तिच्या आईला काय येतं, ते विचार आधी."